वैऱ्याच्या घरी खेळाडू द्यावा का?

अमेरिकेत बेसबॉलच्या चाहत्यांमध्ये एक वाद वर्षातून दोनदा हमखास पेटतो. एकदा हंगाम संपल्यावर, हिवाळ्यात. आणि एकदा जुलैच्या अखेरीस, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत आली की. आपल्या संघाला एखादा खेळाडू सोडायचा असतो. त्याचा करार संपत आलेला असतो किंवा व्यवस्थापनाशी त्याचं बिनसलेलं असतं. चार-पाच संघ त्याच्यासाठी पुढे येतात आणि त्यातला सगळ्यात चांगला मोबदला देऊ करणारा संघ नेमका आपला जुना वैरी असतो. द्यायचा का?

एक गट म्हणतो, मुळीच नाही. उद्या तो आपल्याच मैदानावर येऊन आपल्यालाच हरवेल, आणि ते आपण कुठल्या डोळ्यांनी बघायचं? दुसरा गट म्हणतो, व्यवहार तो व्यवहार. जो जास्त देतो त्याला द्यावं. शेजाऱ्याचा रुपया काही कमी किमतीचा नसतो.

मी क्रिकेटवर वाढलो, त्यामुळे बरीच वर्षं हा वाद मला परका होता. मग आयपीएलमध्ये ट्रेड सुरू झाले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे परतला, रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला आणि २०२४ च्या हंगामात वानखेडेवर त्याच्याच संघाच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. खेळाडूच्या येण्याजाण्यावर चाहता किती हक्क सांगतो, ते तेव्हा आपल्याकडेही दिसलं. बेसबॉलमध्ये हे शंभर वर्षांहून अधिक काळ चाललं आहे. तिथल्या काही जुन्या सौद्यांचा इतिहास वाचताना मला जाणवत गेलं, की वैऱ्याला खेळाडू द्यावा की नाही हा वाद ज्या गृहीतकांवर उभा आहे, तीच मुळात तपासून घ्यायला हवीत.

आधी वैर की आधी सौदा?

या वादात सगळ्यात आधी पुढे केलं जाणारं उदाहरण बेब रूथचं. बॉस्टन रेड सॉक्सनं आपला हा हिरा न्यूयॉर्क यँकीजला विकला. २६ डिसेंबर १९१९ रोजी कागदपत्रांवर सह्या झाल्या आणि ५ जानेवारी १९२० रोजी बातमी जाहीर झाली. किंमत एक लाख डॉलर. शिवाय यँकीजचे मालक जेकब रुपर्ट यांनी रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांना तीन लाख डॉलरचं कर्ज देऊ केलं आणि तारण होतं बॉस्टनचं फेनवे पार्क हे मैदान. म्हणजे रेड सॉक्सचं स्वतःचं घरच यँकीजच्या मालकाकडे गहाण पडलं.

पुढचं सर्वश्रुत आहे. रूथनं १९१९ मध्ये २९ होमरन मारून विक्रम केला होता. न्यूयॉर्कला गेल्यावर १९२० मध्ये त्यानं ५४ मारले. त्या वर्षी यँकीजच्या घरच्या सामन्यांना जवळजवळ तेरा लाख प्रेक्षक आले. दहा लाखांचा आकडा ओलांडणारा तो पहिला संघ. १९१८ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या रेड सॉक्सला पुढची वर्ल्ड सिरीज जिंकायला २००४ साल उजाडावं लागलं. त्याला लोक रूथचा शाप म्हणू लागले. ‘बघा, वैऱ्याला दिलं की असं होतं!’

पण १९१९ साली यँकीज रेड सॉक्सचा वैरी नव्हताच. तोवर त्यांनी लीगचं एकही विजेतेपद मिळवलं नव्हतं. त्यांना स्वतःचं मैदानही नव्हतं. जायंट्सच्या पोलो ग्राउंड्सवर ते भाडेकरू होते. महत्त्वाचं म्हणजे त्या वेळी अमेरिकन लीगमध्ये यादवी माजली होती. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांच्या बाजूला पाच संघ, आणि त्यांच्या विरोधात तीन: यँकीज, शिकागो व्हाइट सॉक्स आणि खुद्द रेड सॉक्स. जॉन्सनच्या गटातले पाच मालक फ्रेझीशी व्यवहार करायला तयार नव्हते. बाजारात त्यांच्यासाठी जेमतेम दोनच दारं उघडी होती. फ्रेझींनी खेळाडू दिला तो मित्राला.

फ्रेझी हे नाटकांचे निर्माते. ‘नो, नो, नॅनेट’ या संगीतिकेला पैसे हवे होते म्हणून त्यांनी रूथला विकलं, ही गोष्ट आजही सांगितली जाते. ती संगीतिका ब्रॉडवेवर आली १९२५ मध्ये. खरी कारणं साधी होती. संघाच्या आधीच्या मालकाचं देणं बाकी होतं. रूथचा वर्षाला दहा हजारांचा करार अजून दोन वर्षं शिल्लक असताना तो वीस हजार मागत होता. संघ १९१९ मध्ये खाली घसरला होता. कोणताही मालक या परिस्थितीत सौद्याचा विचार करेल.

थोडक्यात, बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधलं ते प्रसिद्ध वैर या सौद्यातून आणि त्यानंतरच्या सौद्यांतून घडलं. त्या वैराकडे बोट दाखवून ‘वैऱ्याला देऊ नये’ म्हणणं म्हणजे परिणामालाच कारण ठरवणं होय.

न विचारलेला तिसरा

रूथनंतर फ्रेझींनी एकामागून एक खेळाडू न्यूयॉर्कला पाठवले. वेट हॉइट, वॉली शांग, एव्हरेट स्कॉट, जो बुश, सॅम जोन्स, हर्ब पेनॉक. १९२३ मध्ये यँकीजनं पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा त्यांच्या पिचरांपैकी बहुतेक जण बॉस्टनहून आलेले होते.

यातला एक सौदा वेगळा म्हणून लक्षात ठेवायला हवा. १९२२ च्या जुलैमध्ये, हंगाम ऐन रंगात असताना, रेड सॉक्सनं जो ड्यूगन हा तिसऱ्या बेसचा खेळाडू यँकीजला दिला. रेड सॉक्स तेव्हा विजेतेपदाच्या शर्यतीत नव्हते, त्यामुळे या सौद्यानं त्यांचं फारसं बिघडणार नव्हतं. शर्यतीत होते सेंट लुइस ब्राउन्स. त्यांचा जॉर्ज सिस्लर त्या वर्षी .४२० च्या सरासरीनं खेळत होता. हंगाम संपला तेव्हा यँकीज ९४ विजयांवर आणि ब्राउन्स ९३ वर. एका सामन्यानं हुकलं. ब्राउन्सला पहिलं विजेतेपद मिळायला पुढे १९४४ पर्यंत थांबावं लागलं आणि १९५३ च्या हंगामानंतर हा संघ बाल्टिमोरला निघून गेला.

सेंट लुइसमध्ये या सौद्यावरून ओरड झाली. त्यातूनच नियम कडक झाला आणि १५ जूननंतर साध्या अदलाबदलीला बंदी आली. आज जुलैअखेरीस जी मुदत असते, तिचं मूळ या भांडणात आहे.

मला यात रस वाटतो तो असा. वैऱ्याला द्यावं का, हा प्रश्न आपण नेहमी दोन संघांपुरता मांडतो. पण लीग म्हणजे दोघांचा खेळ नव्हे. त्या काळी लीगमध्ये आठ संघ होते आणि प्रत्येक संघ उरलेल्या सातांशी वर्षाला प्रत्येकी २२ सामने खेळायचा, एकूण १५४. एखादा खेळाडू तुम्ही वैऱ्याला दिलात तर तो तुमच्याविरुद्ध खेळणार २२ सामने. उरलेले १३२ सामने तो इतरांना छळणार. घाव बहुतेक वेळा तिसऱ्यावर बसतो, आणि सौदा ठरताना त्याला कुणी विचारत नाही.

मोजण्यात चूक कुठे होते

१५ जून हीच तारीख पुढच्या प्रसिद्ध सौद्याचीही आहे. साल १९६४. शिकागो कब्ज आणि सेंट लुइस कार्डिनल्स ही नॅशनल लीगमधली जुनी जोडी; दोन शहरांमध्ये सुमारे पाचशे किलोमीटरचं अंतर आणि मधल्या इलिनॉयच्या गावांमध्ये घराघरांत फूट. मुदतीच्या शेवटच्या दिवशी या दोघांनी सहा खेळाडूंची अदलाबदल केली. त्यातली दोन नावं लक्षात राहिली. शिकागोनं लू ब्रॉक दिला आणि अर्नी ब्रोलियो घेतला.

त्या दिवशी शिकागोत आनंद होता. ब्रोलियो नावाजलेला पिचर. आदल्या वर्षी १८ विजय त्याच्या नावावर होते, १९६० मध्ये तर २१. ब्रॉक २४-२५ वर्षांचा, पायात विलक्षण वेग, पण बॅटनं अडखळणारा. त्या हंगामात त्याची सरासरी होती.२५१. शिकागोच्या पत्रकारांनी सेंट लुइसचे उपरोधानं आभार मानले. सेंट लुइसच्या ड्रेसिंग रूममध्ये नाराजी होती. एवढा चांगला पिचर देऊन हा पोरगा कशाला आणला, असं खुद्द तिथल्या खेळाडूंना वाटलं, आणि ते त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं.

ब्रॉक सेंट लुइसला गेला आणि उरलेल्या हंगामात .३४८ च्या सरासरीनं खेळला. पिचर चेंडू टाकायच्या बेतात असताना धावत सुटून पुढचा बेस गाठायचा, याला बेस चोरणं म्हणतात. तसे त्यानं उरलेल्या हंगामात ३३ बेस चोरले. कार्डिनल्सनं लीगचं विजेतेपद एका सामन्याच्या फरकानं पटकावलं आणि मग वर्ल्ड सिरीजमध्ये यँकीजला हरवलं. कब्ज आठवे आले. ब्रॉक १९७९ पर्यंत खेळला. ९३८ बेस चोरून तेव्हाचा विक्रम केला, ३,०२३ हिट्स मारल्या. त्यातली तीन हजारावी हिट होती कब्जविरुद्ध. ब्रोलियोनं शिकागोसाठी तीन हंगामांत सात सामने जिंकले आणि एकोणीस हरले. त्याचं कोपर सौद्याच्या आधीपासूनच दुखत होतं. त्या हिवाळ्यात शस्त्रक्रिया झाली आणि १९६६ नंतर तो वरच्या पातळीवर दिसला नाही.

‘वैऱ्याला देऊ नये’ म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम पुरावा. पण नीट पाहिलं तर शिकागोचं काय चुकलं? हाच ब्रॉक त्यांनी दूरच्या एखाद्या संघाला देऊन हाच दुखऱ्या कोपराचा पिचर घेतला असता, तर सौदा तितकाच वाईट ठरला असता. दहा संघांच्या लीगमध्ये कार्डिनल्सशी त्यांचे वर्षाला १८ सामने व्हायचे. १६२ पैकी १८. शिकागोची चूक होती मूल्यमापनाची. दिसणारे विजय मोजले, न दिसणारं कोपर मोजलं नाही. एका तरुणाची आजची सरासरी पाहिली आणि त्याला काय जमू शकेल याचा अंदाज घेतला नाही. सेंट लुइसला स्टॅन म्यूझियल निवृत्त झाल्यानं डाव्या बाजूला माणूस हवा होता आणि वेग हवा होता. त्यांनी तो हेरला.

वैऱ्याला दिल्यानं चूक मोठी होत नाही, ती सारखी समोर येते एवढंच. दूरच्या गावी गेलेला खेळाडू विसरता येतो. शेजारच्या गावी गेलेला वर्षातून अठरा वेळा दारात येतो. व्यवस्थापक याला भितात, आणि ही भीती खरी आहे. पण ती नाचक्कीची भीती असते, तोट्याची नव्हे. तिच्यापायी अनेक सौदे होतच नाहीत, आणि न झालेल्या सौद्यांचा तोटा कुणी मोजत नाही. १९९७ नंतर रेड सॉक्स आणि यँकीजमध्ये थेट २०१४ पर्यंत एकही अदलाबदल झाली नाही. सतरा वर्षांत दोघांच्या फायद्याचा एकही सौदा निघाला नसेल, हे मला पटत नाही.

१९६४ च्या त्या हंगामाचं एक शेपूट आहे. वर्ल्ड सिरीज संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कार्डिनल्सचे मॅनेजर जॉनी कीन यांनी राजीनामा दिला आणि काही दिवसांतच ते मॅनेजर झाले यँकीजचे. ज्यांना नुकतं हरवलं त्यांच्याकडे गेले. लोकांना आश्चर्य वाटलं, पण त्यांना जाऊ द्यावं का, असा वाद झाला नाही. मॅनेजरला राजीनामा देता येत होता. खेळाडूला येत नव्हता.

जॅकी रॉबिन्सन आणि जायंट्स

ही गोष्ट समजून घ्यायला आठ वर्षं मागे, न्यूयॉर्कला जावं लागेल. ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स हे एकाच शहरातले दोन संघ, आणि त्यांच्यातलं वैर हे खऱ्या अर्थानं वैर होतं. १९५५ मध्ये जायंट्सचा पिचर सॅल मॅगली डॉजर्सच्या फलंदाजांच्या हनुवटीजवळून चेंडू टाकत होता. त्यावरूनच त्याला ‘बार्बर’ म्हणत. त्याला धडा शिकवायचा म्हणून जॅकी रॉबिन्सननं हलकाच चेंडू ढकलला, म्हणजे मॅगली पहिल्या बेसकडे येईल आणि धडक देता येईल. मॅगली आला नाही. आला डेव्ही विल्यम्स, आणि धडक त्याला बसली.

पुढच्याच वर्षी हा मॅगली क्लीव्हलँडमार्गे डॉजर्सकडे आला. त्यानं रॉबिन्सनच्या संघासाठी १३ सामने जिंकले, त्यातल्या एकात समोरच्या संघाला एकही हिट मारू दिली नाही, आणि डॉजर्सनं विजेतेपद एका सामन्यानं जिंकलं. कालचा वैरी आज आपल्या बाजूनं खेळतो तेव्हा चाहत्याला जड जातं. खेळाडूंना फार जड जात नाही.

त्याच वर्षी, १३ डिसेंबर १९५६ रोजी, डॉजर्सनं रॉबिन्सनला जायंट्सला देऊन टाकलं. बदल्यात डिक लिटलफील्ड नावाचा पिचर आणि सुमारे तीस हजार डॉलर. १९४७ मध्ये ज्या माणसानं वर्णभेदाची भिंत फोडली, दहा वर्षं शिव्या आणि धमक्या सोसून ब्रुकलिनला सहा वेळा लीगचं विजेतेपद आणि १९५५ मध्ये त्यांची पहिली वर्ल्ड सिरीज मिळवून दिली, तो ३८ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर वैऱ्याच्या हवाली.

ब्रुकलिन हळहळलं. रॉबिन्सननं निवृत्ती जाहीर केली आणि आख्यायिका तयार झाली: जायंट्ससाठी खेळण्यापेक्षा त्यानं खेळ सोडला. चाहत्यांना ही गोष्ट प्रिय आहे, कारण तीत खेळाडू त्यांच्यासारखाच वैर पाळतो. प्रत्यक्षात रॉबिन्सननं सौद्याच्या आधीच खेळ सोडायचं ठरवलं होतं. ‘चॉक फुल ओ’नट्स’ या कॉफीच्या दुकानांच्या कंपनीत उपाध्यक्षपद त्यानं स्वीकारलं होतं आणि निवृत्तीची बातमी ‘लुक’ मासिकाला दिली होती. मासिक बाहेर येईपर्यंत गप्प राहणं भाग होतं. जानेवारीत ती बातमी फुटल्यावर त्याच्यावर अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवला गेला. त्याला न विचारता ज्यांनी त्याला विकलं, त्यांना फारसं कुणी काही म्हटलं नाही.

मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. रॉबिन्सन नाही म्हणू शकला, कारण त्याच्याकडे दुसरी नोकरी होती. बेसबॉलच्या आत राहून त्याला नाही म्हणता आलं नसतं. प्रत्येक करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचं कलम असे. करार वर्षाचा, पण तो पुढे चालू ठेवायचा हक्क संघाचा, वर्षामागून वर्षं. खेळाडूला आपणहून दुसरीकडे जाता येत नसे; संघ मात्र त्याला कुठेही पाठवू शके. डॉजर्सचा मॅनेजर लिओ ड्युरोशर १९४८ मध्ये भर हंगामात थेट जायंट्सचा मॅनेजर झाला होता. आणि १९५७ चा हंगाम संपल्यावर दोन्ही संघांच्या मालकांनी, वॉल्टर ओ’मॅली आणि होरेस स्टोनहॅम यांनी, संगनमतानं आपापले संघ कॅलिफोर्नियाला हलवले. ज्यांच्या वैरापायी लोक घरात भांडत होते, ते दोघे मालक सोबतच निघून गेले.

डाव्या बाजूच्या शेजारचा माणूस

१९६४ च्या कार्डिनल्समध्ये ब्रॉक डाव्या बाजूला उभा राहायचा, तेव्हा त्याच्या शेजारी, मधल्या भागात, कर्ट फ्लड असायचा. बारा हंगाम त्यानं सेंट लुइसला काढले. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला सांगण्यात आलं की तुला फिलाडेल्फियाला दिलं आहे. फिलाडेल्फिया काही सेंट लुइसचा हाडवैरी नव्हता. फ्लडच्या दृष्टीनं त्यानं काहीच फरक पडत नव्हता. त्यानं बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहून कळवलं, की मी विकत घ्यायची आणि विकायची वस्तू नाही. मग तो न्यायालयात गेला. तेव्हा त्याचा पगार वर्षाला नव्वद हजार डॉलर होता, आणि एवढा पगार घेणाऱ्यानं गुलामीची भाषा कशी करावी, असं त्याला विचारलं गेलं.

१९७० मध्ये खटला उभा राहिला. मैदानावर खेळणारा एकही खेळाडू साक्षीला आला नाही. निवृत्त झालेले काही आले. त्यात होता जॅकी रॉबिन्सन. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड पाच विरुद्ध तीन असा हरला. त्याची कारकीर्द संपल्यात जमा होती. पण प्रश्न मिटला नाही. पुढच्याच वर्षी नियम झाला, की दहा वर्षं वरच्या पातळीवर आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात घालवलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय कुठेही देता येणार नाही. डिसेंबर १९७५ मध्ये लवादानं रिझर्व्ह क्लॉजचा अर्थच बदलला आणि करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. १९६९ मध्ये हा नियम असता, तर फ्लड सेंट लुइसलाच राहू शकला असता.

त्यानंतर वैऱ्याला द्यावं का, या वादाचा चेहरा बदलायला हवा होता. २००४ च्या रेड सॉक्स विजयाचा लाडका जॉनी डेमन २००५ च्या डिसेंबरमध्ये स्वतःच्या मर्जीनं यँकीजकडे गेला. बॉस्टनला बदल्यात दुसरा खेळाडू मिळाला नाही. आपण दिला नाही तरी तो जाऊ शकतो, हे आता उघड आहे. तरी चाहत्यांचा वाद जुन्याच भाषेत चालतो. द्यावा, देऊ नये, राखावा, सोडावा. जणू गोठ्यातला बैल.

माझ्यापुरतं उत्तर असं. सौदा चांगला असेल तर वैऱ्याशीही करावा. तो आपल्याविरुद्ध खेळेल या भीतीला सामन्यांच्या हिशेबाहून जास्त वजन देऊ नये. कोपर तपासावं, वय पाहावं, आणि शर्यतीतल्या तिसऱ्याचाही विचार करावा. चाहत्याचं दुःख खोटं नसतं. आपला माणूस दुसऱ्याच्या रंगात पाहणं क्लेशाचंच आहे. पण ते दुःख सौदा थांबवण्याचं कारण होऊ शकत नाही. सौदा थांबवण्याचं कारण एकच पुरेसं आहे: ज्याला पाठवायचं त्यानं नाही म्हणणं. आयपीएलच्या ट्रेडमध्ये खेळाडूची संमती लागते, आणि आपण ती गोष्ट इतकी गृहीत धरतो की तिच्याकडे लक्षही जात नाही. वानखेडेवर हुर्यो उडवणाऱ्यांचा रागही थोडा त्याचाच होता: हा स्वतः हो म्हणून आला. फ्लडनं आपली कारकीर्द पणाला लावली ती एवढ्याच हक्कासाठी.